पूर्वपक्षाची कसोटी : विरोधाला मराठी ख्रिस्ती गद्याने दिलेली उत्तरे

१

एखाद्या धर्माविषयी समाजात वैर निर्माण झाले असता त्या धर्माच्या अनुयायाने कसे वागावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी नीतिशास्त्राचा किंवा धर्मशास्त्राचा वाटतो. परंतु असा अनुयायी आपली बाजू मांडण्यासाठी लेखणी हाती घेतो तेव्हा तो वाङ्मयाचाही प्रश्न होतो. विरोधकाला कोणत्या शब्दांनी संबोधावे, त्याचा आक्षेप किती पूर्णपणे मांडावा, स्वतःचे दुःख कितपत सांगावे आणि जे घर सोडावे लागले त्याचे चित्र कसे रेखाटावे, हे सारे शैलीचे प्रश्न आहेत. आणि शैलीच्या या प्रश्नांत लेखकाची श्रद्धाही पारखली जाते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार बहुधा दोन दृष्टींनी झालेला आहे. एक दृष्टी अग्रक्रमाची : १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी, १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’ हे दीर्घायुषी नियतकालिक, अशी नोंद करून ती थांबते. दुसरी दृष्टी हेतूची : हे वाङ्मय प्रचारासाठी लिहिले गेले, सबब त्याचे वाङ्मयीन मूल्य मर्यादित, असा निकाल ती देते. या दोन्ही दृष्टींतून एक गोष्ट निसटते. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखक आपल्या माणसांच्या रोषाला तोंड देत लिहीत होते. त्यांचे विरोधक दूरचे नव्हते. ते त्यांचे आईबाप, पती-पत्नी, गुरू आणि शेजारी होते. अशा विरोधाला त्यांनी दिलेल्या उत्तरांचे गुणदोष पाहणे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या उत्तरांना लावण्याजोगी कसोटी परकीय नाही. भारतीय शास्त्रचर्चेत सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तो प्रतिपक्ष्याला मान्य होईल अशा बळाने मांडावा लागतो. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याचे खंडन करणाऱ्याला शास्त्रार्थात मान नाही. विरोधाला दिलेले कोणतेही उत्तर त्यातील पूर्वपक्षाच्या प्रामाणिकपणाहून अधिक मोलाचे ठरू शकत नाही, हे गृहीत धरून पुढील ग्रंथांकडे पाहता येईल.

२

ख्रिस्ती परंपरेतही या प्रश्नाचा विचार प्रारंभापासून झालेला आहे. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने द्यावे, असा उपदेश आहे. तेथे ‘उत्तर’ या अर्थी आलेला ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ हा न्यायालयातील बचावाचा शब्द आहे. त्याच्या जोडीला दुसरा शब्द येतो तो ‘मार्तुरिया’, म्हणजे साक्ष. पहिल्यात युक्तिवाद करावयाचा असतो. दुसऱ्यात पाहिलेले व भोगलेले सांगावयाचे असते. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिनने रोमन सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून लिहिलेले समर्थन हे पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण होय. तिसऱ्या शतकात ओरिजेनने केल्ससच्या आक्षेपांना दिलेले विस्तृत उत्तर तर याहून बोलके आहे. केल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. तो आज बहुतांशी उपलब्ध आहे याचे कारण ओरिजेनने त्याची वाक्यामागून वाक्ये उद्धृत करून मग त्यांना उत्तर दिले. विरोधकाचे शब्द उत्तरकर्त्याच्या ग्रंथात जिवंत राहावेत, हा पूर्वपक्षाच्या प्रामाणिकपणाचा उत्तम दाखला म्हणावा लागेल.

तथापि जस्टिन आणि ओरिजेन हे सत्तेपासून दूर असलेल्या धर्माचे प्रवक्ते होते. मराठी भाषकांशी ख्रिस्ती धर्माचा जो संबंध आला तो प्रथमपासून सत्तेच्या सावलीत आला. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते आणि १५६० पासून तेथे इन्क्विझिशनही स्थापन झालेले होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे रोदोल्फ अक्वाविव्हा व त्यांचे चार सहकारी यांची हत्या झाली. परंतु त्यापूर्वी त्या भागातील देवळे पाडली गेली होती. या परिस्थितीत कोण पीडक व कोण पीडित, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ओवीछंदाचा आणि पुराणरचनेचा स्वीकार करून स्टीफन्स यांनी श्रोत्यांच्या वाङ्मयीन संस्काराचा मान राखला, ही त्यांची थोरवी. मात्र त्यांच्या ग्रंथातील शंका विचारणारा श्रोता हा बहुधा जिज्ञासू शिष्य आहे. राजसत्तेच्या भयावाचून नकार देऊ शकणारा प्रतिवादी तेथे अवतरणे शक्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश अमदानीत परिस्थिती बदलली, पण सत्तेचे सान्निध्य सुटले नाही. नवख्रिस्ती माणसाकडे राज्यकर्त्यांच्या धर्मात गेलेला, म्हणून स्वजनांचा त्याग केलेला माणूस याच नजरेने पाहिले जाई. मराठी ख्रिस्ती लेखकांना सामोरे आलेल्या वैराचा हा राजकीय भाग ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या उत्तरांचे मूल्यमापन एकांगी होईल.

३

मुंबई इलाख्यातील धर्मवादाचा आरंभ १८३१ साली मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांच्या वादाने झाला असे सामान्यतः मानण्यात येते. दांडेकरांचा ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ त्याच वर्षीचा. विल्सन यांनी पुढल्या वर्षी त्याचे खंडन प्रसिद्ध केले. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वादविवाद हा या परंपरेचा कळस होय. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने या सभांचा वृत्तान्त त्याच वर्षी छापला. विष्णुबुवांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ १८५९ मधला. या वादांमुळे मराठी गद्याला तर्काची धार आली, प्रश्नोत्तराची शिस्त लागली आणि सार्वजनिक सभेत प्रतिपक्ष्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय समाजाला थोडीबहुत झाली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या वादांत जे घडत होते त्याच्या कितीतरी अधिक तीव्र गोष्टी घरांत घडत होत्या. १८४३ साली नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केले. तो मिशनरींच्या सहवासात राहून आला असल्यामुळे त्याला ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मणवर्गात मोठी फळी पडली, आणि प्रायश्चित्त देऊन घ्यावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना लोकांचा रोष पत्करावा लागला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाराचा वारसाहक्क कायम राखला, आणि १८६६ च्या कायद्याने नवख्रिस्ती व्यक्तीला, तिचा जोडीदार सहवास नाकारीत असल्यास, विवाहविच्छेदाची वाट खुली केली. कायद्याच्या भाषेतही हा प्रश्न मालमत्ता आणि संसार यांच्या विघटनाचा होता. समुद्रकिनाऱ्यावरील वादपटूंना या विघटनाविषयी फारसे बोलावे लागले नाही. खंडनग्रंथांत विरोधक हा मताचा धनी असतो. तो कोणाचा बाप किंवा कोणाची पत्नी नसतो. त्यामुळे पूर्वपक्षातील मतांचा भाग तेवढा उतरला आणि ज्या वेदनेतून वैर उत्पन्न होत होते ती बाहेरच राहिली.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. काशीतील नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी ख्रिस्ती आक्षेपांच्या निराकरणासाठी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ १८४४–४५ च्या सुमारास रचला. १८४८ साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी दर्शनांची चिकित्सा केली. दोन्ही पक्षांची बाजू एकाच लेखणीने मांडली जाण्याचा असा योग दुर्मिळ. दर्शनांतील सिद्धान्त मांडताना गोऱ्ह्यांची लेखणी चुकत नाही, कारण ते सिद्धान्त त्यांनी कधीकाळी आपले म्हणून राखले होते. मात्र त्यांचा ग्रंथ पंडितांसाठी आहे. विरोधक पंडित नसून घरातली माणसे असतील तेव्हा पूर्वपक्ष कसा मांडावा, हे त्यात सापडत नाही.

४

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या दृष्टीने एक पाऊल पुढे जाते. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी ते परमहंस सभेच्या संपर्कात होते. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्याचा आकृतिबंध सांगते. पूर्वायुष्य ही रात्र आणि बाप्तिस्मा हा प्रभातकाळ, अशी मांडणी एकदा पत्करली की आधीच्या साऱ्या अनुभवावर काळोखाची छाया पडणे अपरिहार्य होते. ‘अरुणोदय’मधील विधानात्मक भाग या छायेत लिहिलेला आहे.

विशेष असा की वर्णनात्मक भाग मात्र या छायेतून वारंवार बाहेर पडतो. बालपणीचे सण, व्रते, देवघरातील राबता, घरातील माणसांचा भाविकपणा यांची हकिकत पदमनजी सांगू लागतात तेव्हा निषेध करणारा प्रचारक मागे पडतो आणि आठवण सांगणारा मुलगा पुढे येतो. अभ्यासकांनी या भागाकडे समाजशास्त्रीय साधन म्हणून पाहिले आहे. वाङ्मयीन दृष्टीने त्याचे महत्त्व याहून अधिक आहे. जे नाकारले तेच इतक्या बारकाईने आठवावे, यात लेखकाला कबूल न झालेली एक ओढ आहे. आणि या ओढीमुळेच विरोध करणाऱ्या घरच्या माणसांचे दुःख वाचकाला समजते. म्हणजे ‘अरुणोदय’चा खरा पूर्वपक्ष त्याच्या युक्तिवादात नसून त्याच्या वर्णनांत आहे. ग्रंथाची उणीव अशी की लेखकाचे मत आणि त्याची आठवण यांची गाठ कोठेही पडत नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि मताला आठवणीकडून काही शिकावे लागत नाही.

पंडिता रमाबाईंच्या लेखनात ‘उत्तर’ मागे पडून ‘साक्ष’ पुढे येते. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा येथील वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या मोजक्या आवाजांत जोतीराव फुले यांचा आवाज होता. १८८५ मधील ‘सत्सार’ त्याची साक्ष देतो. १८८९ च्या मार्चमध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली तेथील विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. रमाबाईंची भूमिका अशी होती की आपण कोणावर सक्ती करीत नाही, पण आपल्या प्रार्थनेचे दार कोणासाठी बंदही करणार नाही. ही भूमिका पालकांना दिलेल्या आश्वासनाशी कितपत सुसंगत होती, याविषयी मतभेद संभवतो. आणि ज्यांनी आपल्या मुली विश्वासाने तेथे ठेवल्या होत्या त्यांचा संताप केवळ आंधळा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

येथे रमाबाईंच्या प्रतिसादाची दोन वैशिष्ट्ये नजरेत भरतात. पहिले असे की त्यांना एकाच वेळी दोन आघाड्यांवर उभे राहावे लागले. स्वदेशातील समाज त्यांना परधर्माच्या हस्तक समजत असता त्यांच्या इंग्रज धर्मगुरुभगिनी त्यांना आज्ञाधारक नाही म्हणून दोष देत होत्या. हा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शाह यांच्या संपादनाने प्रकाशित झाला. स्वतःच्या विवेकाने तपासल्यावाचून कोणताही सिद्धान्त स्वीकारणार नाही, हा रमाबाईंचा आग्रह त्यातून स्पष्ट दिसतो. जो माणूस आपल्याच धर्मसंस्थेपुढे वाकत नाही, तो राज्यकर्त्यांचा हस्तक आहे हा आरोप आपोआप दुबळा होतो. दुसरे वैशिष्ट्य ‘माझी साक्ष’ या लेखनाचे. त्यात रमाबाई तीर्थयात्रांतील वैफल्य, दुष्काळातील आईवडिलांचे मरण आणि स्त्रीला नाकारलेला अधिकार यांविषयी कठोरपणे लिहितात. परंतु आपले वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविण्याचे जे साहस केले, त्याविषयी लिहिताना त्यांचा आदर लवमात्र उणावत नाही. व्यवस्थेविषयीचा रोष आणि माणसांविषयीची कृतज्ञता यांची त्या सरमिसळ होऊ देत नाहीत. मराठी ख्रिस्ती गद्याला हा विवेक प्रथम रमाबाईंनी दिला.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी केडगाव येथे उभे राहिलेले कार्य हे त्यांचे अधिक बोलके उत्तर होते, असे नेहमी म्हटले जाते, व ते खरे आहे. तथापि कृतीने दिलेले उत्तर वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेरचे. साक्ष देणाऱ्याच्या लेखनाची एक मर्यादा मात्र येथे नोंदविली पाहिजे. साक्षीदार स्वतःच्या मनात काय घडले ते सांगतो. त्याच्या निर्णयाने दुसऱ्याच्या मनात काय घडले हे सांगण्याचा त्याला अधिकार नसतो. रमाबाईंचे आईवडील व बंधू त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वीच निवर्तले होते, आणि पतीही. त्यांच्या निर्णयाने मोडून पडेल असे घर उरलेलेच नव्हते.

५

ते घर ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून ख्रिस्ती झाल्या, पण सुमारे पाच वर्षांनी. या पाच वर्षांतील बराच काळ पती-पत्नी दुरावलेली होती. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहत होत्या, त्यांत पंढरपूरसारखे क्षेत्रही होते. १८६६ च्या कायद्याने दाखविलेली वाट टिळकांनी घेतली नाही, आणि लक्ष्मीबाईंनीही संबंध तोडला नाही. चार भागांत निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

या ग्रंथाच्या विनोदाची, बोलीच्या सहजतेची आणि टिळकांच्या विक्षिप्त व उदार स्वभावाच्या चित्रणाची स्तुती पुष्कळ झालेली आहे. ती पुन्हा करण्याचे कारण नाही. येथे महत्त्वाचा मुद्दा निवेदिकेच्या स्थानाचा आहे. १८९५ पासून काही वर्षे पतीच्या धर्माविषयीचा तीव्रतम विरोध जिच्या मनात होता, तीच या ग्रंथाची लेखिका आहे. बाप्तिस्म्याची वार्ता कळताच उडालेला हाहाकार, आप्तांचा सल्ला, लोकांची बोलणी, शुद्ध हरपण्याइतके दुःख, हे सारे आतून सांगितलेले आहे. पुढे ख्रिस्ती झालेल्या लेखिकेने त्या पूर्वीच्या लक्ष्मीला अज्ञानी ठरविलेले नाही. तिचे रडणे खरे होते, तिचा राग न्याय्य होता आणि तिला सावरून धरणारे नातलग प्रेमळ होते, अशीच ग्रंथाची साक्ष आहे. ख्रिस्ती धर्माच्या विरोधकाचे इतके सहृदय चित्र मराठीत दुसऱ्या कोणा ख्रिस्ती लेखकाने काढलेले नाही. गोऱ्ह्यांनी पंडिताच्या पातळीवर जो योग साधला, तो लक्ष्मीबाईंनी संसाराच्या पातळीवर साधला : पूर्वपक्ष त्यांनी स्वतः जगलेला होता.

ग्रंथाच्या आरंभीच येणारे वडिलांच्या सोवळ्याचे चित्र या संदर्भात वाचले पाहिजे. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर आलेल्या आघातानंतर त्यांना शुचितेचे जणू वेड लागले. बाजारातून घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालत नसे, आणि त्याचा जाच साऱ्या घराला होई. एखाद्या प्रचारी लेखकाच्या हाती ही हकिकत कर्मकांडाच्या निषेधाचे साधन झाली असती. लक्ष्मीबाई ती हसत सांगतात, पण त्या वेडामागचे भयही सांगतात. पुढे स्वतः पतीकडे परतल्यावर त्यांनी आपले सोवळे एका दिवसात टाकले नाही. वेगळी चूल, वेगळे पाणी, आणि मग हळूहळू गळून पडलेला भेद, असा तो प्रवास आहे. वडिलांना हसणारी मुलगी स्वतःही त्याच धाग्याने बांधलेली होती, हे वाचकाच्या लक्षात येते तेव्हा आरंभीच्या हसण्याला वेगळा अर्थ येतो. मत आणि आठवण यांची जी गाठ ‘अरुणोदय’मध्ये पडली नाही ती येथे पडली आहे.

टिळकांचा स्वतःचा प्रतिसाद याला पूरक ठरला. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती लोकांच्या भाषेची ‘मिशनरी मराठी’ म्हणून थट्टा होई, आणि या थट्टेत परकेपणाचा आरोप दडलेला असे. टिळकांनी या आरोपाचे खंडन केले नाही. त्यांनी अभंग लिहिले. तुकारामाच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा सर्वश्रुत आहे. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करताना, आणि १९१७ साली बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ काढताना, त्यांनी परकेपणाचा दोष स्वकीयांच्या अंगीही आहे हे मान्य केले. बाहेरच्या टीकेतील सत्यांश उचलून तो घरातील सुधारणेसाठी वापरणे, हेही विरोधाला दिलेले उत्तरच होय. बालकवी ठोंबऱ्यांसारखा हिंदू तरुण कवी टिळकांच्या घरात पुत्रवत राहिला; धर्मभेद असूनही काव्यप्रेमाचे नाते अभंग राहू शकते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

६

‘स्मृतिचित्रे’च्या या गौरवावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की मराठी वाचकाने हा ग्रंथ आपलासा केला तो त्यातील श्रद्धेकडे काणाडोळा करून. टिळक दांपत्याच्या गमतीजमती वाचून वाचक प्रसन्न होतो आणि धर्मांतराचा मुद्दा विसरतो. अशा स्थितीत विरोध शमला म्हणावे की नुसता बगलेला गेला म्हणावे? या आक्षेपात तथ्य आहे. पाठ्यपुस्तकांतून येणारे वेचे बहुधा विनोदी प्रसंगांचे असतात. परंतु दोष ग्रंथाचा नसून वाचनाचा आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद प्रथम स्वतःवर, मग टिळकांवर आणि अगदी क्वचित विरोधकांवर चालतो. वियोगाच्या वर्षांचे वर्णन त्यांनी विनोदात बुडविलेले नाही. हसू आणि दुःख यांची ही वाटणी लक्षात घेऊन वाचणाऱ्याला त्यातील श्रद्धा विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल जातो. लक्ष्मीबाईंचे आप्त रागावले तरी त्यांनी त्यांना आश्रय दिला, आणि पुढे संबंधही ठेवले. ज्यांच्याशी समेट होऊ शकतो अशा विरोधकांविषयी सहृदयतेने लिहिणे शक्य असते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार व मांग या जातींतून आलेले होते. त्यांना सोसावे लागलेले वैर बाप्तिस्म्याने सुरू झालेले नव्हते. ते जन्माबरोबर आलेले होते, आणि बाप्तिस्म्याने संपलेही नाही. विहिरीवर, रस्त्यावर आणि कित्येकदा चर्चच्या पंगतीतही ते त्यांच्यामागे आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे लाभ हिंदूंपुरते मर्यादित केले. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा समावेश झाला, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. ज्याच्या घरातून त्याला कोणी परत बोलावीत नाही, त्याने कोणाच्या मायेची आठवण ठेवून पूर्वपक्ष मांडावा?

या प्रश्नाला ‘स्मृतिचित्रे’ पूर्ण उत्तर देत नाही, आणि तसा दावाही करीत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की त्या प्रश्नाची चाहूल ग्रंथात आहे. खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या पंक्तीला बसताना वाटलेला संकोच लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. धर्म बदलूनही वैराचे मूळ आपल्याच अंगी उरले होते, ही कबुली तेथे आहे. विरोध सोसणारा माणूस दुसऱ्या कोणाचा विरोधक असू शकतो, हे ओळखणे हा पूर्वपक्ष मांडण्याचाच एक कठीण प्रकार होय. तरीही ही कबुली संकोच करणाऱ्याची आहे. ज्याच्याविषयी संकोच वाटला त्याचे म्हणणे त्यात येत नाही, आणि ‘स्मृतिचित्रे’च्या थोरवीमुळे ही उणीव झाकली जाऊ नये.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ख्रिस्ती श्रद्धेविषयीच्या वैराला मराठी गद्याने वाद, साक्ष आणि स्मरण अशा तीन प्रकारांनी उत्तर दिले. वादाने मते स्पष्ट केली, पण माणसे दूर ठेवली. साक्षीने श्रद्धेची किंमत सांगितली आणि रोष व कृतज्ञता यांतील विवेक शिकविला. स्मरणाने विरोधकाला ग्रंथात घर दिले. यांपैकी एक प्रकार दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. अन्यायी कायदा किंवा खोटा आरोप यांपुढे केवळ आठवणी सांगून भागत नाही. तेथे जस्टिनप्रमाणे युक्तिवादच करावा लागतो. परंतु जेथे वैर हे दुखावलेल्या प्रेमातून आलेले असते तेथे जिंकलेला वाद निरुपयोगी ठरतो. कोणत्या विरोधाला कोणते उत्तर द्यावयाचे, हे ओळखण्यासाठी आधी त्या विरोधाचे म्हणणे संपूर्ण ऐकावे लागते, आणि म्हणूनच पूर्वपक्षाची कसोटी तिन्ही प्रकारांना सारखीच लागू पडते.

या दिशेने पुढील अभ्यासाला पुष्कळ वाव आहे. ‘ज्ञानोदय’च्या जुन्या अंकांतील वादविषयक मजकूर विरोधकांचे म्हणणे किती प्रामाणिकपणे नोंदवितो, हे अंकवार तपासले पाहिजे. विष्णुबुवांच्या आणि दांडेकरांच्या ग्रंथांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. ख्रिस्ती धर्माचे त्यांनी रेखाटलेले रूप कोणाही ख्रिस्ती माणसाला ओळखू येईल काय, हा प्रश्न तितकाच रास्त आहे. आणि ज्या ख्रिस्ती कुटुंबांना दोन्ही बाजूंचे वैर सोसावे लागले, त्यांची पत्रे, कीर्तने, भजने आणि मौखिक आठवणी नगर, जालना, सोलापूर या भागांत अद्याप मिळण्याजोग्या आहेत. त्या संकलित झाल्यावाचून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.